भट्टीच्या तोंडचा शिलालेख

परवा आमच्या आग्रियानाच्या नगरपालिकेत एक गृहस्थ माईकवरून सांगत होते, की पोलिक्सेनी दालाकूरा या फार साध्याभोळ्या विदुषी होत्या, पुस्तकात रमायच्या, जगाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पहिल्या रांगेतली माणसं माना डोलवत होती. मी तिसऱ्या रांगेत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. साधीभोळी? ती बाई भडकली की वस्तुसंग्रहालयाच्या छपरावरची कबुतरं उडायची. आणि जगाशी देणंघेणं नाही कसं? जगाने तिचं काय काय घेतलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तीस वर्षं मी त्याच इमारतीत, खालच्या कोठारात बसून फुटकी भांडी जोडत होते. माझं नाव एव्थालिया. शिक्षण सहावी. पण काय घडलं ते सांगायला सहावी पुष्कळ झाली.

बाईंचा बाप डोंगरातला कोळसेवाला. लाकडं जाळून कोळसा करायचा आणि रविवारी चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायचा. त्या स्तोत्रांच्या जाड पोथीवर बोट ठेवून मुलगी जुनी अक्षरं शिकली. युद्धात गाव जळलं, पोथीही जळली; तोवर मुलीला ती अर्धी पाठ झाली होती. जिल्ह्याच्या शाळेतल्या मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं, "पोर हुशार आहे, पण आता लग्नाचं बघा." बाप म्हणाला, "मास्तर, नवरे काय, डोंगरात ढिगाने पडलेत. असली पोर एकच आहे." थेसालोनिकीच्या विद्यापीठात ती प्राचीन ग्रीक आणि लॅटिन शिकली, तीन उन्हाळे उत्खननाच्या खड्ड्यात काढले, आणि पुरातत्त्व खात्याच्या परीक्षेत देशात तिसरी आली. पहिल्या दोघांना अथेन्स मिळालं. तिसरी बाई निघाली म्हणून तिला आमचं आग्रियाना मिळालं, जिथे संग्रहालय म्हणजे तंबाखूचं जुनं गोदाम होतं आणि पाऊस आला की देवदेवतांच्या डोक्यावर घमेली ठेवावी लागायची.

हे एकोणीसशे अठ्ठावन्नचं. बाई अठ्ठावीस वर्षांच्या, मी एकवीसची. प्रमुख होते क्लेआन्थिस वार्दालास. उंच, देखणे, मिशीला मेण. पहिल्या दिवशी बाई हातात नेमणुकीचा कागद घेऊन त्यांच्या खोलीत उभ्या राहिल्या. मी दारातच होते, एक मडकं दाखवायला आलेले.

साहेबांनी कागद न बघताच म्हटलं, "बरं झालं आलात. कॉफी जरा गोड करत जा."

"साहेब, मी प्राचीन ग्रीक शिकले, लॅटिन शिकले, खणायला शिकले. कॉफी तेवढी राहिली."

साहेब हसले. हसणारी माणसं दिलदार असतात असं मला तेव्हा वाटायचं.

दुसऱ्याच वर्षी पेत्रोतोचा दगड सुरू झाला. पेत्रोतो म्हणजे आमच्यापासून बसने अर्धा तास आणि मग सात किलोमीटर चालत. तिथल्या कॉफीच्या दुकानाची पायरी संगमरवराची होती आणि तिच्या कडेला बारीक अक्षरं होती. गावातल्या पुरुषांच्या तीन पिढ्या त्या अक्षरांवर बूट घासून आत गेल्या होत्या. बाईंनी बादली मागितली, गुडघ्यांवर बसल्या, दगड धुतला, त्यावर ओला जाड कागद पसरला आणि ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांचा ठसा घ्यायला लागल्या. दुकानातले पुरुष खुर्च्या वळवून बसले. जणू तमाशाच.

"काय हो बाई, नवरा मिळेना म्हणून दगडाला मिठी?" एकाने विचारलं.

बाईंनी मान वर केली नाही. "दगड बरा. विचारल्याशिवाय बोलत नाही."

सगळे हसले, विचारणारा सोडून. कागद वाळेपर्यंत त्या तिथेच उन्हात बसल्या, आणि मग त्या लोकांना त्यांनी वाचून दाखवलं: ही गुलामांची यादी आहे. बावीसशे वर्षांपूर्वी या गावात ज्यांना मोकळं केलं, त्यांची नावं नगराने दगडावर कोरली, उद्या कुणी म्हणू नये की ही बाई माझी आहे. "तुमच्या पायाखाली," त्या म्हणाल्या, "निकासो नावाची बाई आहे. जरा पाय पुसून येत चला." दुकानदाराने दुसऱ्या दिवशी पायरी उखडून स्वतःच्या गाढवावरून संग्रहालयात पोचवली. पेत्रोतोची माणसं तोंडाने फाटकी असली, तरी तशी बरी.

मूळ शिळा पुरुषभर उंच असणार, आणि तिचे तुकडे गावभर झालेले. कुणाच्या विहिरीच्या काठाला एक, कुणाच्या द्राक्षाच्या घाण्यावर वजन म्हणून एक, एक चर्चच्या भिंतीत उलटा. बाई चौदा वर्षं ते गोळा करत होत्या. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पायांनी. हिवाळ्यात परतल्या की माझ्या कोठारातल्या शेगडीशी बसून मोजे वाळवायच्या आणि निळ्या कापडी बांधणीच्या वहीत लिहायच्या. साहेब त्या चौदा वर्षांत पेत्रोतोला एकदा गेले. मंत्री आले होते म्हणून.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फुटक्या दगडावरचं वाचताना जे अक्षर दगडावर दिसतं ते तसंच लिहायचं, आणि जे तुटून गेलंय, आपण अंदाजाने भरलंय, ते कंसात घालायचं. म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हे दगडाचं आणि हे माझं. बाई म्हणायच्या, "थालिया, आमच्या धंद्यातला सगळा प्रामाणिकपणा त्या दोन कंसांत असतो." मीही भांड्याचा हरवलेला तुकडा प्लास्टरने भरते तेव्हा रंग थोडा फिका ठेवते. म्हणून मला ते लगेच पटलं.

तर त्या पायरीच्या तुकड्यावर निकासोची ओळ अशी होती: "निकासोने मालक मेनोनजवळ", आणि तिथेच दगड तुटलेला. दुसऱ्या गावांच्या दगडांवर अशा जागी नेहमी एकच असतं. गुलामाला मोकळं करायचं, पण मालक मरेपर्यंत त्याच्याच घरी राबायचं. म्हणून बाईंनी वहीत भरलं, कंसात, "त्याच्या मरणापर्यंत राहावं." एक्काहत्तर साली साहेबांनी ती वही मागितली. "खात्याच्या वार्षिक अंकासाठी टंकलेखन करून घेतो," म्हणाले. वही परत आली नाही. बाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. साहेब म्हणाले, "मिळेल हो, कुठे पळतेय?"

बारावा तुकडा होता ग्रामातिकी मावशीच्या भट्टीत. ग्रामातिकी म्हणजे अक्षर जाणणारी. हिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. विधवा, एकटी, काटक. तिच्या अंगणात पावाची भट्टी होती आणि भट्टीच्या तोंडाशी बाजूला एक उभी शिळा बसवलेली. दर ईस्टरला मावशी तिला चुना द्यायची. पन्नास वर्षांच्या चुन्याखालून एका कोपऱ्यात एकच अक्षर डोकावत होतं. बाईंना ते रस्त्यावरून दिसलं.

"चुना खरवडू दे," बाई म्हणाल्या.

"देवाच्या सणाला दिलेला चुना आहे. हात लावशील तर उलथनं घालीन डोक्यात."

"अगं, खाली अक्षरं आहेत!"

"असू देत. चुना माझा आहे."

हे तीन वर्षं चाललं. बाई जायच्या, दोघी अंगणात भांडायच्या, शेजारणी सूत कातत ऐकत बसायच्या, आणि भांडण झालं की मावशी तिला गरम पाव आणि ऑलिव्ह द्यायची. कायद्याने बाई पोलीस नेऊ शकल्या असत्या. मी म्हटलंही एकदा. त्या माझ्यावरच खेकसल्या, "एका बाईची भट्टी फोडायला पोलीस नेऊ? मग मी शिकले कशाला?" चौऱ्याहत्तरच्या वसंतात मावशी आजारी पडली. बाईंनी आठवडाभर रजा काढून तिचं सगळं केलं, न्हाऊमाखू घातलं, शेळीसुद्धा पिळली. बरी झाल्यावर मावशी म्हणाली, "चल, खरवड एकदाची. नाहीतर मेल्यावर माझ्या भुतालाही झोपू देणार नाहीस."

त्या दिवशी दुपारी बाई कोठारात आल्या त्या वाळलेला ठसा छातीशी धरून. खिडकीच्या तिरप्या उजेडात त्यांनी तो धरला. पायरीच्या तुटक्या कडेला त्या ठशाची कड बरोबर जुळत होती. "निकासोने मालक मेनोनजवळ" आणि पुढे "राहण्याची सक्ती नाही. तिला हवं तिथे तिने निघून जावं."

"गाढव आहे मी!" बाई ओरडल्या. हसत होत्या आणि टेबलावर मूठ आपटत होत्या. "शुद्ध गाढव! तीन वर्षं त्या बाईला मी मालकाच्या घरात कोंडून ठेवलं!"

पुढच्या रविवारी त्यांनी मावशीला वाचून दाखवलं. मीही गेले होते. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गेली का ती?"

"ते दगड सांगत नाही, मावशी."

"गेली असेल," मावशी म्हणाली. "मी असते तर चप्पलसुद्धा घालायला थांबले नसते."

पुस्तक आलं पंचाहत्तरच्या ऑक्टोबरात. टपालातून, करड्या कागदात बांधलेलं. जाड, गुळगुळीत, वर सोनेरी अक्षरात नाव: क्लेआन्थिस वार्दालास, पेत्रोतोचे शिलालेख. आत अकरा तुकड्यांची छायाचित्रं. बाईंचे ठसे. बाईंची मोजमापं. बाईंच्या टिपा, ओळीच्या ओळी. प्रस्तावनेत शेवटी आभार होते: अथेन्समधल्या प्राध्यापकांचे, छायाचित्रकाराचे, आणि "दगडांच्या स्वच्छतेबद्दल कुमारी दालाकूरा यांचे."

स्वच्छतेबद्दल.

माझ्या हातात तेव्हा दोन महिने खपून जोडलेला रांजण होता. तो मी खाली ठेवला, कारण नाहीतर मी तो फेकला असता. चौदा वर्षं एक बाई चिखलातून चालते, आणि हा माणूस, ज्याच्या बुटाला पेत्रोतोची धूळ एकदाच लागली, तिला झाडूवाली करून टाकतो. झाडणं कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही, मीही झाडते. पण तिने जे केलं ते झाडणं नव्हतं, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

बाईंनी उभ्या उभ्या पुस्तक वाचलं. अर्ध्यावर आल्यावर त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"थालिया," त्या म्हणाल्या, "त्याने माझी चूक पण चोरली."

निकासोची ओळ तिथे होती. "निकासोने मालक मेनोनजवळ त्याच्या मरणापर्यंत राहावं." आणि कंस नव्हते. काढून टाकले होते, जणू हे सगळं दगडावरच कोरलेलं आहे. त्यावर साहेबांनी अख्खं प्रकरण रचलं होतं, की पेत्रोतोचे गुलाम मोकळे झाल्यावरही मालकाच्या मायेपोटी, आपखुशीने त्याच्याजवळ राहत.

"मायेपोटी!" बाई किंचाळल्या. "मायेपोटी म्हणे!" कबुतरं उडाली. बाई जिना चढून वर गेल्या आणि मी मागोमाग गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण थांबवायलाही कुणी धजावलं नाही.

"माझं वाचन तुमच्या नावावर कसं?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "तुमचं म्हणजे काय हो? दगड सरकारचा. पगार सरकारचा. वही सरकारी कागदाची. मी या कार्यालयाचा प्रमुख."

"चूकही सरकारी का?"

"कसली चूक?"

इथे दुसरी कुणी असती तर मूग गिळून बसली असती. चोराला चुकीसकट चार लोकांत तोंडघशी पडू दिलं असतं. मी तसंच केलं असतं. पण बाईंना चुकीचं छापलेलं बघवत नसे, मग ते कुणाचंही असो. त्यांनी सगळं सांगून टाकलं. कंस, बारावा तुकडा, भट्टी, सक्ती नाही, निघून जावं.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू रंग परत आला. "पुस्तक छापून झालंय," ते म्हणाले. "आणि तो भट्टीतला दगड जर खरोखर प्राचीन असेल, तर तो खाजगी घरात कसा? तुम्ही वर्षभर खात्याला कळवलं नाहीत? हा गुन्हा आहे, कुमारी दालाकूरा."

"गेल्या वर्षी मे महिन्यात लेखी कळवलंय. आवक क्रमांकासकट. तुम्ही वाचलं नसेल. वाचायची सवय नाही तुम्हाला."

आठ दिवसांत हुकूम निघाला: पेत्रोतोचा दगड जप्त करून कोठारात आणावा. कोठाराला नवीन कुलूप आलं होतं आणि किल्ली साहेबांच्या खिशात होती. आमच्या कोठारात एकदा आत गेलेला दगड पुन्हा उजेडात यायला माणसाची हयात जायची, हे मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि साहेबांना तर होतंच. बाईंनी मला हाताला धरून पहिल्या बसमध्ये बसवलं. बरोबर बादली, ब्रश, कागद.

आम्ही पोचलो तेव्हा हवालदार पाराशोस आणि दोन मजूर अंगणात उभे होते, आणि ग्रामातिकी मावशी भट्टीच्या तोंडाशी मांडी ठोकून बसली होती. हातात उलथनं. मावशीला वाटलं बाईंनीच चुगली केली.

"आलीस? आधी गोड बोलून चुना खरवडलास, आता घर फोडायला माणसं आणलीस! माझी शेळी पिळलीस ती यासाठी?"

बाईंचं तोंड असं झालं की मला बघवेना. पण त्या खाली बसल्या, मावशीच्या समोर, राखेत. "मावशी, मी नाही आणली. ज्याने आणली त्याला हा दगड लपवायचाय. कायद्याने तो न्यावा लागेल, मी अडवू शकत नाही. पण जाण्याआधी तो काय म्हणतो ते सगळ्यांनी ऐकलं, तर मग तो लपवून उपयोग नाही."

मावशीने उलथनं मांडीवर ठेवलं. मग हवालदाराकडे वळून म्हणाली, "ए पाराशो, तुझ्या आईचं दूध आटलं तेव्हा तुला माझ्या बहिणीने पाजलंय. दगड न्यायचा तर पंचनामा होतो ना रे?"

"होतो, मावशी."

"मग नीट कर."

पाराशोस डोकं खाजवत म्हणाला, "पण पंचनाम्यात काय लिहितात? एक दगड, पांढरा, इतका लांब."

"अक्षरं आहेत ना त्यावर?" बाई उठून उभ्या राहिल्या. "मालाचं वर्णन पूर्ण हवं. नाहीतर वाटेत बदलला म्हणून तुमच्यावरच यायचं. मी सांगते, तुम्ही लिहा."

गावातल्या बायका जमल्या. कणकेच्या हातांनी आल्या. शाळामास्तर आले, पाद्रीबाबा आले, कॉफीच्या दुकानातले पुरुष भिंतीवर चढून बसले. बाईंनी दगड पुन्हा धुतला, ठसा घेतला, आणि तो वाळेपर्यंत एकेक अक्षर बोट ठेवून मोठ्याने सांगितलं. पाराशोस जिभेचं टोक बाहेर काढून लिहीत होता. चार वेळा चुकला, चार वेळा बाई त्याच्यावर ओरडल्या, चार वेळा त्याने खोडून लिहिलं आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही केली. मग त्याखाली अर्थ लिहून घेतला. "हवं तिथे तिने निघून जावं" हे ऐकल्यावर बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "तेव्हासुद्धा?" खाली मास्तरांची सही, पाद्रीबाबांची सही, मावशीचा राखेने माखलेला अंगठा. आणि माझीही सही आहे त्यावर. आयुष्यात मी ज्या कागदांवर सह्या केल्या त्यांतली ही एकच मला पुन्हा करावीशी वाटते.

दगड गेला. भट्टीच्या तोंडाला भगदाड पडलं. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी विटा आणून ते बुजवलं.

बाईंनी दोन पानांचा लेख लिहिला. पहिलंच वाक्य असं: "या ओळीचं चुकीचं वाचन प्रथम मी केलं, एक्काहत्तर साली, माझ्या वहीत." ते लिहिताना त्यांना किती जड गेलं असेल! आपलं काम आपलं होतं हे सिद्ध करायला चारचौघांत सांगावं लागतं, की चूक माझी होती, बघा, चोराकडे सापडलेली ही चूक माझीच आहे. पुढे खरं वाचन आणि पंचनाम्याची नक्कल. अथेन्सच्या नियतकालिकाने लेख दोन वर्षं ठेवून घेतला आणि "सुरात वैयक्तिक कटुता आहे" म्हणून परत पाठवला. कटुता! माणसाच्या घरात चोरी झाली तर त्याने काय गोड सुरात ओरडायचं? शेवटी आमच्या जिल्ह्याच्या शिक्षक संघाच्या वार्षिकात तो छापून आला, भूगोलाच्या सहलींचं वर्णन आणि निवृत्त मास्तरांचे फोटो यांच्या मध्ये. बाईंनी प्रती पाकिटांत घातल्या आणि युरोपातल्या जितक्या विद्यापीठांचे पत्ते सापडले तितक्यांना पाठवल्या. तिकिटं चिकटवून माझी जीभ कोरडी पडली.

उत्तर आधी खात्याकडूनच आलं. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत बदली: पार पूर्वेकडच्या एका बेटावर, जिथून तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे दिवे दिसतात. कारण लिहिलं होतं "सेवेच्या हितासाठी". वार्दालास साहेब त्याच वर्षी अथेन्सला मोठ्या पदावर गेले. बाई दहा वर्षं त्या बेटावर होत्या. बाप गेला तेव्हा वादळामुळे बोट सुटली नाही. त्या तीन दिवसांनी पोचल्या, थडग्यावरची माती वाळलेली होती. त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. कोळशाच्या जुन्या भट्टीपाशी जाऊन त्यांनी जी शिवी घातली ती मी कागदावर उतरवणार नाही.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती पंचाऐंशीला निघाली. त्यात निकासोची ओळ सुधारलेली होती. "ताज्या अभ्यासाअंती लेखकाच्या असे लक्षात आले आहे," असं तळटीपेत होतं. लेखकाच्या! मायेपोटीचं प्रकरण गुपचूप काढून टाकलं होतं आणि त्या जागी बाराव्या तुकड्याचं छायाचित्र. मी ती प्रत बेटावर पाठवली नाही. मला वाटलं, कशाला. बाईंना ती दुसऱ्या कुणीतरी पाठवलीच. त्यांचं पत्र आलं, एका ओळीचं: "निदान ती सुटली."

मला मात्र तेवढ्याने समाधान झालं नाही, आणि खरं सांगते, त्यांनाही झालं नव्हतं. निवृत्त होऊन त्या अठ्ठ्याऐंशीत आग्रियानाला परतल्या, माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, आणि पहिल्याच रविवारी संग्रहालयात गेल्या. तोवर नवीन इमारत झाली होती. दगड बारा तुकडे जोडून मधल्या दालनात उभा होता आणि खाली पाटी: शोध व वाचन, क्लेआन्थिस वार्दालास. बाई त्या पाटीशेजारी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागल्या, "ही पाटी खोटी आहे. या, खरं मी दाखवते." शाळेच्या सहली, नवविवाहित जोडपी, जर्मन म्हातारे, कुणालाच सोडलं नाही. पहारेकरी बिचारा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो कोपऱ्यात जाऊन कान खाजवायचा. सलग अकरा रविवार. बाराव्या रविवारी नवीन प्रमुख, जेमतेम पस्तिशीतली बाई, कार्यालयातून बाहेर आली.

"दालाकूराबाई, तुम्ही लेखी तक्रार का करत नाही?"

"एकोणीस केल्यात. तुमच्या कपाटात आहेत. खालचा कप्पा, डावीकडे."

ती गेली, तासाभराने परत आली. हातात शिक्षक संघाचं ते वार्षिक आणि पंचनामा. डोळे लाल. "मला माफ करा," म्हणाली.

"तुम्ही कशाला माफी मागता? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. पाटी बदला."

पाटी बदलायला दीड वर्ष लागलं, कारण अथेन्सची मंजुरी लागते आणि अथेन्समध्ये कोण बसलं होतं ते सांगायला नको. पण बदलली. ग्रामातिकी मावशी तेव्हा नव्वदीच्या पुढे होती. तिला बहिणीच्या नातवाच्या ट्रकमधून आणलं. तिने दगडाला हात लावला, पहारेकऱ्याने अडवलं नाही, आणि ती म्हणाली, "चुना नाही दिला कुणी. किती मळलाय."

पोलिक्सेनीबाई पंच्याण्णवच्या मार्चमध्ये गेल्या, निमोनियाने, सात दिवसांत. शेवटच्या दिवशी त्या डॉक्टरशी भांडल्या, कारण त्याने औषधाचं ग्रीक नाव चुकीचं उच्चारलं. अंत्यविधीला पेत्रोतोहून दोन बस भरून माणसं आली. पाराशोस, आता निवृत्त, गणवेश घालून आला होता, बटणं लागत नव्हती.

आणि अथेन्सहून एक पुष्पचक्र आलं. माणसाच्या उंचीचं, पांढऱ्या फुलांचं, वर जांभळी फीत: "एकनिष्ठ सहकारी पोलिक्सेनी हिस, क्लेआन्थिस वार्दालास." ते कुणीतरी शवपेटीच्या अगदी डोक्याशी ठेवलं होतं.

मी ते उचललं. जड होतं. चर्चच्या मधल्या वाटेने, सगळ्यांच्या समोरून, मी ते दाराबाहेर नेलं आणि मेणबत्त्यांची विझलेली थोटकं टाकतात त्या ढिगावर ठेवलं, फीत खाली करून. परत आले तेव्हा पाद्रीबाबा माझ्याकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "एव्थालिया, निदान आजच्या दिवशी तरी क्षमा कर गं त्याला."

"नाही, पाद्रीबाबा," मी म्हटलं. "आज तर अजिबात नाही."